खाली केलेली पद्मिनी मऊ चालवायची तर: सांगलीकडच्या रस्त्यांसाठी कामाचा क्रम

खाली केलेली, म्हणजे मूळ उंचीपेक्षा जमिनीजवळ आणलेली, प्रीमियर पद्मिनी गाडी आपटायला लागली की मालक गॅरेजात जाऊन बहुधा एकच मागणी करतो, "मिस्त्री, स्प्रिंगा जरा मऊ करून द्या." मिस्त्री मागच्या पाट्यांतला, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगेतला, एक पाटा काढून देतो. एकटा माणूस गावात फिरतो तोवर गाडी झोके घेत छान चालते. मग चार माणसं बसवून मिरजेला निघालं की आधीपेक्षा जोरात आपटते, आणि मालक म्हणतो, जुन्या गाड्या अशाच असतात.

तशा त्या नसतात. फियाट ११०० आणि पद्मिनी मूळ उंचीवर असताना मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी खड्ड्यांतून पिढ्यानपिढ्या चालवल्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी तिथून ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. गाडी आपटते ती स्प्रिंग कडक असल्यामुळे क्वचितच. खाली करताना चाकाला वर जायला असलेली जागा आपण खाल्लेली असते. मूळ गाडीत एक्सल आणि बंप रबर (चाक फार वर आलं की त्याला अडवणारा रबरी ठोकळा) यांच्यात समजा ८० मिलिमीटर अंतर होतं आणि आपण गाडी दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर खाली घेतली, तर उरले ३०. खड्ड्याने चाक ४० मिलिमीटर वर ढकललं की शेवटचे १० मिलिमीटर स्प्रिंगकडे नाहीतच. ते रबरावर आणि तिथून थेट पाठीच्या कण्यावर. अशा गाडीत स्प्रिंग मऊ केली तर ते ३० मिलिमीटर आणखी लवकर संपतात.

म्हणून क्रम असा: आधी मोजायचं, मग झिजलेलं बदलायचं, मग चाल, म्हणजे चाकाला वर जायची जागा, परत मिळवायची, आणि स्प्रिंग किती कडक-मऊ हा विषय सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं पद्मिनी डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे: पुढे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड एक्सल आणि पाटे. अँबेसेडरला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) आहे, काँटेसाला मागेही कॉइल आहे. फरक पडतो तिथे सांगतो.

गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार?

सांगलीच्या आसपास एकच रस्ता नाही. तासगाव, पलूस, आष्टा या बाजूला कृष्णाकाठची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं डांबर शाबूत असलं तरी रस्त्याला लांब लांब लाटा येतात. कारखाने सुरू झाले की उसाच्या जोड-ट्रॉल्या त्यात चाकोऱ्या पाडतात. जत, आटपाडीकडे खाली मुरूम आणि खडक. लाटा कमी, पण खड्ड्यांच्या कडा धारदार. आणि शहरात, विश्रामबागेतून मिरजेपर्यंत, गतिरोधक.

या तिघांची औषधं वेगळी आहेत. लाटांवर गाडी उचंबळते, ते थांबवणं हे शॉकअपचं (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं) काम. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. रस्त्यावरच्या लाटा बारा-बारा मीटरवर असतील तर गाडीला सेकंदाला १.४ वेळा उचल मिळते, आणि बहुतेक गाड्यांची स्वतःची झोक्यांची गती साधारण तेवढीच असते. शॉकअप मेलेले असतील तर तिथे गाडी होडी होते. वेग ४५ वर आणला की तोच रस्ता बरा वाटतो, हे कित्येकांनी अनुभवलेलं असतं, कारण मात्र माहीत नसतं. धारदार कडेचा धक्का मात्र इतका झटपट येतो की तो आधी टायरने आणि बुशच्या (सांध्यांत बसवलेल्या पुंगळ्यांच्या) रबराने गिळायचा असतो. गतिरोधकाचा प्रश्न मऊपणाचा नाहीच, तो उंचीचा आहे.

गतिरोधकाचं गणित एकदा करून ठेवा, कारण गाडी किती खाली ठेवायची ते त्यावरून ठरतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.३४ मीटर. गाडी बरोबर मध्यावर आली की चारही चाकं उताराच्या अंगावरच असतात, तिथली उंची साधारण ६ सेंटिमीटर. म्हणजे पोटाला लागणारा उंचवटा फक्त ४ सेंटिमीटरचा. नियमाचा गतिरोधक खाली केलेल्या गाडीचाही शत्रू नाही. पण गल्लीत रातोरात ओतलेला मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच काँक्रीटचा बांध असेल, तर चारही चाकं सपाटीवर आणि पोटाखाली पुरे १५ सेंटिमीटर. ज्याच्या गाडीचा चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) जमिनीपासून ११ सेंटिमीटरवर आहे त्याला जगातली कुठलीही स्प्रिंग वाचवणार नाही. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट बांध टेपने मोजून या. लोक बघतील, बघू द्या.

पहिलं काम: मोजमाप

सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, टाकी अर्धी, डिकी रिकामी. प्रत्येक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे पाटे जिथे अडकले असतील तिथून सुटतील. मग चार आकडे: प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायर मिसळतो. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूची स्प्रिंग बसलेली आहे किंवा कापताना हात चुकला आहे.

पुढचे चार आकडे त्याहून महत्त्वाचे: प्रत्येक बंप रबर आणि ते जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर. गाडी चाकांवर उभी असतानाच, पिटमध्ये उतरून. सगळ्या लेखातलं एकच मोजमाप घ्यायचं ठरवलंत तर हे घ्या.

आता रस्त्यावरचं मोजमाप. शॉकअपची दांडी उघडी दिसत असेल तर तिच्यावर प्लॅस्टिकचा झिप टाय घट्ट बांधा आणि शॉकअपच्या नळीला टेकेपर्यंत सरकवा. दांडीवर आच्छादन असेल तर बंप रबरच्या टोकावर मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा चिकटवा. नेहमीच्या वाटेवर नेहमीच्या माणसांसह फेरी मारून या. टाय कुठवर सरकला, गोळा चेपला की नाही, यावरून चाकाने किती चाल वापरली ते कळतं. गोळा चपटा झाला असेल तर तुमचा आजार चालीचा. गोळा जसाच्या तसा आणि तरी गाडी खडखडते, तर आजार टायर, बुश किंवा शॉकअपचा. या एका चाचणीने अर्धे अनावश्यक खर्च टळतात.

गाडीखाली जाताना जॅकवर विसंबायचं नाही. दोन्ही बाजूंना पक्के स्टँड, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. विटा चालत नाहीत, त्या न सांगता फुटतात.

दुसरं: गाडी खाली कशी केली आहे ते शोधा

तुम्ही स्वतः केली नसेल, विकत घेताना तशीच मिळाली असेल, तर हे शोधावंच लागतं.

पुढची कॉइल कापलेली असेल तर तिच्या टोकाला ग्राइंडरचा सपाट काप दिसतो. हे त्यातल्या त्यात बरं. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्या प्रमाणात कडक होते. काम करणाऱ्या ८ वेढ्यांतला एक कापला तर सुमारे १४ टक्के. कॉइलवर निळसर-काळा जळका पट्टा, तिथे वेढे जवळजवळ आलेले, म्हणजे कोणीतरी गॅसने तापवून बसवली आहे. ती ठेवायची नाही. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणीच त्या उष्णतेने उतरलेलं असतं. ती आणखी बसत जाईल किंवा एक दिवस मोडेल. इथे तडजोड नको.

मागे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घातला असेल तर तो लगेच दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा बिडाचा नीट मशिनवर केलेला, सेंटर बोल्टचं डोकं बसायला भोक असलेला ठोकळा चालतो. लाकडी निघाला तर गाडी तिथेच थांबवा. ठोकळा नसेल आणि पाटे जवळजवळ सरळ दिसत असतील, तर त्यांचा बाक उतरवला आहे. टोकाचं शॅकल (पाटा गाडीला जोडणारी हलती कडी) कुठे झुकलं आहे बघा: सपाट झालेला पाटा लांब होतो आणि शॅकलला मागे ढकलतो. शॅकल फ्लोअरला टेकलं असेल तर पाटा अडकलाच. मग तो स्प्रिंग राहत नाही, पहार होतो.

या भागात जुनी गाडी घेताना एक गोष्ट जास्तीची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत बुडालेल्या गाड्या अजून हातोहात फिरतात. पाट्यांच्या फटीत वाळलेला बारीक गाळ, पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत तिथे पापुद्रे सुटलेला गंज, हे दिसलं तर आधी वेल्डिंग आणि पत्राकाम. कुजलेल्या पत्र्यावर नवा पाटा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

अँबेसेडरवाल्यांना इथे एक सवलत आहे. टॉर्शन बारची उंची त्याच्या आर्मची जागा बदलून खालीवर करता येते. बार तोच असल्याने तो कडक होत नाही. चाल मात्र त्यांचीही कमी झालेली असते.

तिसरं: टायर

थोडक्यात सांगतो. पद्मिनीला रिम १४ इंची. १६५/८० आर १४ टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच. दिसायला छान म्हणून १६ इंची रिमवर १९५/४५ घातला तर भिंत ८८ वर येते. धारदार कडेचा धक्का गिळणारं रबर एक तृतीयांशाने गेलं, वर रिम वाकायची भीती. एकूण व्यास ६ टक्क्यांनी घटल्याने स्पीडोमीटरही खोटं बोलतो. १४ इंचीवर परत या. गाडी आपटते म्हणून हवा फार कमी ठेवायची हा सांगलीत आवडता उपाय आहे. त्याने टायरची भिंत तापते आणि कडेला चिरते. हवा सकाळी, टायर थंड असताना, दोन-दोन पौंडाने बदलत बघा आणि कुठे बरं वाटतं ते लिहून ठेवा.

चौथं: बुश

शॉकअपचे, आर्मचे, पाट्यांच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल भोकातले) आणि शॅकलचे बुश पहारीने हलवून बघा. फटी पडलेलं, तेलाने सुजलेलं, एका बाजूला सरकलेलं रबर बदला. किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खुंटी) आणि त्याचे बुशही याच वेळी तपासा. तिथला खडखडाट लोक वर्षानुवर्षं शॉकअपच्या नावावर खपवतात. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश दिसायला देखणे असतात, पण मऊ चाल हवी असेल तर साधं रबरच घ्या.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही आणि खाली केलेल्या गाडीत तिचा त्रास सगळ्यात जास्त होतो. रबरी बुश पिळला जाऊन काम करतो. गाडी उचललेली, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या लोंबत्या अवस्थेत पकडला जातो. गाडी खाली ठेवताच तो आधीच पिळलेला. म्हणजे तुम्ही नकळत एक जादाची स्प्रिंग बसवली, आणि रबर काही महिन्यांत फाटणार. बोल्ट हाताने धरते करा, गाडी चाकांवर उतरवा, कोपरे दाबून सोडा, आणि मगच पिटमध्ये उतरून आवळा. नुसते जुने बोल्ट सैल करून, गाडी हलवून, पुन्हा आवळल्याने चाल सुधारलेल्या गाड्या आहेत. त्याला सुट्या भागांचा एक रुपया लागत नाही.

पाचवं: पाटे, म्हणजे खरं काम

पद्मिनीच्या मागच्या सीटची चव पाट्यांवर ठरते, म्हणून इथे घाई नको.

पाटे सगळे एकदम वाकतात तेव्हा ते एकमेकांवर घासून सरकतात. गंज आणि मातीने ते सरकणं बंद झालं की छोट्या धक्क्याला पाटा वाकतच नाही, सगळा गठ्ठा एका जाड पट्टीसारखा वागतो. त्यामुळे बारीक खड्ड्यांवर गाडी कडक आणि मोठ्या खड्ड्यावर एकदम मऊ, असं विचित्र वागणं दिसतं. उपाय जुना आहे: गठ्ठा उतरवायचा, सेंटर बोल्ट आणि क्लिपा काढून पाटे सुटे करायचे, तारेच्या ब्रशने गंज काढायचा. प्रत्येक पाट्याच्या टोकाची वरच्या बाजूची धार ग्राइंडरने गोल करायची, कारण ते टोक वरच्या पाट्यात खड्डा पाडतं. तसा खोल खड्डा पडलेला किंवा केसाएवढी चीर गेलेला पाटा बाद. मग टोकांवर नायलॉनची किंवा एचडीपीई प्लॅस्टिकची पातळ पट्टी, नाहीतर ग्रॅफाइट ग्रीस, आणि पुन्हा जुळणी. हाताने दाबल्यावर पाटे पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकले पाहिजेत. केवळ एवढ्याने, एकही नवा पाटा न घालता, गाडीत पडणारा फरक बघून लोक चकित होतात.

मग उंची. मोजलेल्या आकड्यांत मागच्या एक्सलवर बंप रबरपर्यंत ५० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर गाडी थोडी वर घ्यावीच लागेल. ठोकळा असेल तर कमी उंचीचा घाला. त्याबरोबर पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे, योग्य लांबीचे. एकदा ताणून आवळलेले यू-बोल्ट परत वापरत नाहीत. बाक उतरवलेला असेल तर पाटेवाल्याकडे जा. कुपवाड एमआयडीसी, मिरज आणि ट्रक थांबतात त्या प्रत्येक नाक्याजवळ पाटेवाले आहेत, पण त्यांचा हात ट्रकच्या मापाचा. "मामा, गाडी वर उचलून द्या" एवढंच सांगितलंत तर ते त्यांच्या समजुतीप्रमाणे भरपूर बाक देतील आणि एक पाटा जास्तीचा घालतील; त्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण माल वाहणारा असतो. तुम्ही जमिनीवर खडूने जुन्या मुख्य पाट्याची कमान काढा, तिच्यावर हवी तेवढी, समजा २० मिलिमीटर, जास्त उंच कमान काढा आणि म्हणा, "या रेषेला पाटा लागला पाहिजे, पाटा एकही वाढवायचा नाही." थंड पाटा ठोकून थोडा बाक देता येतो, पण काही महिन्यांत तो थोडा बसतो. म्हणून ५-७ मिलिमीटर जास्त मागा. मोठा बदल हवा असेल तर पाटा तापवून, तेलात विझवून, परत माफक तापवून पाणी देणाऱ्याकडेच करा, किंवा ईएन ४५ या स्प्रिंगच्या पोलादाचे नवे पाटे घ्या.

एक पाटा काढू का, हा प्रश्न आलाच असेल. काढण्याआधी पाट्यांचा कडकपणा मोजा. पन्नास किलोची दोन सिमेंटची पोती घ्या, एक मागच्या सीटवर, एक डिकीत, म्हणजे भार साधारण एक्सलवर पडतो. पोती नसताना आणि असताना उंची मोजा. समजा गाडी २५ मिलिमीटर बसली: शंभर किलो डाव्या-उजव्या दोन गठ्ठ्यांत वाटले गेले, म्हणजे एका गठ्ठ्याला मिलिमीटरमागे २ किलो. आता गाडी घेऊन वजनकाट्यावर जा. उसाच्या आणि हळदीच्या या जिल्ह्यात काटे जागोजाग आहेत. फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या. समजा ४२० किलो आलं. त्यातून एक्सल आणि चाकांचे ८० धरून वजा केले की ३४०, म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यावर १७०. मिलिमीटरला २ किलोने भागा, ८५ मिलिमीटर, म्हणजे ८.५ सेंटिमीटर. हा गठ्ठ्याचा स्थिर दाब, म्हणजे उभ्या गाडीच्या वजनाने तो किती बसला आहे ते. आता ५ ला या सेंटिमीटरच्या वर्गमुळाने भागा: सुमारे १.७. गाडीचा मागचा भाग सेकंदाला १.७ झोके घेतो. आरामशीर गाड्या १ ते १.५ च्या आसपास असतात.

१.४५ वर आणायचं ठरवलं तर स्थिर दाब १२ सेंटिमीटर व्हायला हवा, आणि गठ्ठा मिलिमीटरला १.४ किलोपर्यंत मऊ. मग त्याच दोन पोत्यांनी गाडी २५ ऐवजी ३५ मिलिमीटर बसेल. आता बंप रबरचं अंतर आठवा. ४० असेल तर दोन माणसं मागे बसताच उरले ५! म्हणूनच म्हणतो, आधी जागा, मग मऊपणा. मागे ६०-६५ मिलिमीटर मोकळे असतील तरच गठ्ठा मऊ करायचा विचार करा. तोही मधला पाटा काढून टाकण्यापेक्षा पातळ पाट्यांचा गठ्ठा बनवून, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिलिमीटरचा पाटा ६ च्या दीडपटीहून जास्त कडक असतो. नुसता पाटा काढला तर उरलेल्यांवर ताण वाढतो आणि मुख्य पाटा डोळ्याजवळ मोडायचा धोका येतो.

माझ्या मते सांगली-मिरज-तासगाव या पट्ट्यात रोज चालणारी पद्मिनी मूळ उंचीपेक्षा ३० मिलिमीटरहून खाली नसावी. त्याखालची गाडी फोटोसाठी ठेवा.

सहावं: पुढची कॉइल

दाबलेली कॉइल सुटली तर माणसाचा जबडा फोडते. स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर हे काम घरी करायचं नाही, एवढं बोलून पुढे जातो.

कापलेली पण निरोगी कॉइल असेल तर तिच्याखाली योग्य व्यासाची कडी घालून उंची परत मिळवता येते. लक्षात ठेवा, कॉइल आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, चाक आर्मच्या टोकाला. कॉइल आर्मच्या ०.६ अंतरावर असेल तर १० मिलिमीटरच्या कडीने चाकाशी गाडी १६-१७ मिलिमीटर वर येते. आधी ५ ची घालून बघा.

नवी कॉइल बनवून घेत असाल तर कारागिराला "जुनीसारखी, पण मऊ" असं सांगू नका. तारेचा व्यास, बाहेरचा व्यास, एकूण आणि काम करणारे वेढे, टोक बंद की उघडं, मोकळी उंची, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "इतक्या किलोला इतकी उंची", हे कागदावर लिहून द्या. तारेचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १२ ऐवजी १३ मिलिमीटरची तार म्हणजे सुमारे ३८ टक्के कडक. दुकानात "जवळपास तीच तार आहे, चालेल" म्हणतात, ते चालत नाही.

पुढची आणि मागची बाजू एकमेकींना धरून ठेवा. मागचा झोका पुढच्यापेक्षा किंचित जलद असला की उंचवट्यावर गाडी पुढे-मागे डुलायची लवकर थांबते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी ही गोष्ट मांडली आणि ती आजही लागू आहे. फक्त मागचे पाटे खूप मऊ करून पुढची कॉइल कापलेलीच ठेवली, तर गाडी रस्त्यावर मान डोलावत राहते.

सातवं: शॉकअप आणि बंप रबर

शॉकअप गाडी उचलत नाही, झोका थांबवतो. कोपरा दाबून सोडा: गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप संपला. पण ही चाचणी फक्त मेलेला शॉकअप ओळखते, चुकीचा नाही.

खाली केलेल्या गाडीत चूक बहुधा लांबीची असते. शॉकअप काढून पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी मोजा, आणि गाडी उभी असताना त्याच्या दोन टोकांतलं अंतर. ते अंतर मिटलेल्या लांबीपेक्षा निदान ६० मिलिमीटरने जास्त हवं. बंप रबर टेकायच्या आधी शॉकअपच आतून टेकत असेल तर तो फुटेल आणि वरचा ब्रॅकेटही फाडेल. अशा वेळी आखूड शॉकअप घ्या. घेण्याआधी पूर्ण उघडलेल्या अवस्थेतही तो पुरतो ना, तेही बघा.

लाटांच्या रस्त्यासाठी उघडतानाचा विरोध महत्त्वाचा, धारदार खड्ड्यांसाठी दाबतानाचा कमी. म्हणून मऊ चालीच्या शॉकअपमध्ये उघडताना विरोध जास्त, दाबताना कमी असतो. जास्त दाबाचा गॅस भरलेला शॉकअप गाडी किंचित उचलतो आणि बारीक धक्के जास्त पोचवतो. आपल्या कामाला साधा ऑइलचा, किंवा कमी दाबाचा गॅस असलेला दोन नळ्यांचा, बरा.

जुनं कडक बंप रबर दगडासारखं झालेलं असतं. ते कापून टाकायचं नाही. मग धातूवर धातू आपटतं. त्याजागी फेसाळ पॉलियुरेथेनचं, आखूड आणि टोकाला निमुळतं बंप रबर घाला. ते सुरुवातीला सहज दबतं आणि शेवटी कडक होतं, त्यामुळे शेवटचा धक्का बोथट होतो. खाली केलेल्या गाडीत ज्या दोन गोष्टींना लोक सर्वांत कमी किंमत देतात त्या या: बुश आणि बंप रबर.

आठवं: गाडी वर-खाली झाली की जे बिघडतं

उंची बदलली की चाकाचा कल आणि टो (चाकं पुढे आत-बाहेर किती वळलेली ते) दोन्ही बदलतात. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, चालकाच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवून करून घ्या. मागच्या ब्रेकचा लवचिक पाइप एक्सल पूर्ण लोंबल्यावर ताणत नाही ना आणि पूर्ण दबल्यावर कुठे घासत नाही ना, हे हाताने बघा. ठोकळ्याची उंची बदलल्याने डिफरन्शिअलचा कोन फिरला आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला नेणारा दांडा) एखाद्या ठरावीक वेगाला घुमू लागला, तर पाटा आणि एक्सल यांच्यात पोलादी पाचर घालून तो जुळवतात. सायलेन्सरचा पाइप एक्सलच्या वरून जातो तिथे दोन बोटं जागा हवी.

कायद्याचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलांशी, म्हणजे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आरटीओ त्याकडे अधिक बारकाईने बघतात. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी, 'व्हीए' मालिकेचा क्रमांक, घ्यायची असेल तर ती मूळ रूपातच हवी. म्हणून चॅसिस कापू नका, बॉडीला नवं काही वेल्ड करू नका, आणि काढलेले सगळे मूळ भाग नाव लिहून पोत्यात बांधून ठेवा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची तपासणी तशीही दर पाच वर्षांनी येतेच.

नववं: फेरी

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच वाट, तोच वेग, तीच माणसं. अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन येणं असो की तासगाव रस्ता, एक ठरवा. झिप टाय परत सरकवा, मातीचा गोळा परत लावा, वहीत आकडे लिहा. मागच्या सीटवर बसलेल्याला विचारा, स्वतःला नको; स्टिअरिंग धरलेल्या माणसाला धक्के कमीच जाणवतात.

शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकल आणि शॉकअपचे सगळे नट पुन्हा आवळा, आणि पाचशेनंतर पुन्हा. नवे पाटे आणि कॉइल याच काळात थोडे बसतात, म्हणून चार कोपऱ्यांच्या उंचीचे आकडेही तेव्हा परत घ्या. अलाइनमेंटही शक्य असेल तर या बसण्यानंतर करा. पावसाळा संपला की पाटे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि पट्ट्या नसतील तर ग्रॅफाइट ग्रीस पुन्हा भरा. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आधी हे उरकलेलं बरं.